ढगात शिरण्याआधीचं गणित

धावपट्टी सोडून जेमतेम एक मिनिट झालेलं असतं आणि चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान ढगात शिरतं. काचेबाहेर चहूकडे सारखाच पांढरा रंग. डावीकडे दोन हजार फुटांची टेकडी आहे हे वैमानिकाला माहीत असतं, पण आता ती दिसणार नाही. तरी विमान त्या टेकडीपासून लांब राहतं, ते गुडघ्यावरच्या पाटीला लावलेल्या एका कागदामुळे. कुठल्या दिशेने जायचं, कुठे वळायचं, कुठवर किती उंची गाठायची, हे त्यावर आधीच मोजून, तपासून लिहिलेलं असतं. निघतानाच्या या आखीव वाटेला डिपार्चर प्रोसीजर म्हणतात आणि उतरायला येतानाच्या वाटेला अरायव्हल.

या वाटा शिकवताना बहुतेक भर नकाशावरच्या खुणा वाचण्यावर असतो. त्या यायलाच हव्यात. पण मी शिकवायला बसतो तेव्हा मला सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. हा कागद तुम्हाला सुरक्षिततेची हमी देतो, पण सशर्त. अट अशी, की तुमचं विमान दर मैलाला ठरावीक फूट तरी चढलं पाहिजे. जेट विमानाला ती अट सहसा जाणवतही नाही. छोटं विमान ती पाळेल की नाही हे त्या दिवसाच्या उष्म्यावर, वाऱ्यावर आणि विमानात भरलेल्या वजनावर ठरतं. आणि हे गणित विमानतळावरचं दुसरं कुणीही तुमच्यासाठी करून ठेवत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. ढगात शिरल्यावर माणसाचा तोल डोळ्यांऐवजी कानातल्या यंत्रणेवर विसंबायला लागतो, आणि ती यंत्रणा साफ फसवते. हळूहळू सुरू झालेलं वळण तिला कळतच नाही. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांचं प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची चाचणी घेतली गेली. बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केल्यावर वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणून ढगात उडायला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं रेटिंग लागतं. केवळ उपकरणांकडे बघून विमान उडवता येतं आणि परत उतरवताही येतं, हे अमेरिकी वैमानिक जिमी डुलिटल यांनी 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून दाखवून दिलं होतं.

पण विमान सरळ ठेवता आलं म्हणून डोंगर टळत नाही. तो टाळायला नकाशा हवा. 1930च्या आसपास एल्रे जेपसन नावाचा टपाल वाहणारा वैमानिक खिशात एक छोटी काळी वही बाळगायचा. कुठल्या मैदानाजवळ धुराडं किती उंच आहे, टेकडीचा माथा कुठे आहे, उतरायला कुठल्या बाजूने यावं, हे तो त्यात टिपून ठेवायचा. उंची नक्की कळावी म्हणून अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं यंत्र) हातात घेऊन टेकड्या स्वतः चढायचा. इतर वैमानिक त्या वहीची नक्कल मागू लागले आणि 1934 पासून तो ती दहा डॉलरला विकू लागला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांची सुरुवात तिथे आहे. मला ही गोष्ट नेहमी सांगाविशी वाटते, कारण तक्त्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी एखादा खरा अडथळा मोजलेला असतो. तो आकडा शोभेचा नसतो.

दर मैलाला दोनशे फूट

डिपार्चरचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक अडथळे टाळण्यासाठी आखलेला. अमेरिकेत त्याला ऑब्स्टकल डिपार्चर म्हणतात आणि दुसरी काही सूचना मिळालेली नसेल तर तो पाळायला कंट्रोलरची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची, वेगळी परवानगी लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे एसआयडी, स्टँडर्ड इन्स्ट्रुमेंट डिपार्चर. तोही अडथळ्यांपासून अंतर राखतोच, पण त्याचा मुख्य हेतू गर्दीच्या विमानतळावरची वाहतूक शिस्तीत ठेवण्याचा असतो आणि तो क्लिअरन्समध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या परवानगीत, मिळाल्याशिवाय उडायचा नसतो.

दोन्हींच्या मुळाशी एकच भूमिती आहे. धावपट्टीच्या शेवटाकडून पुढे हलक्या चढाचं एक काल्पनिक छत आहे असं समजा. अमेरिकेच्या नियमांत हे छत 40 फूट पुढे गेलं की 1 फूट वर जातं, म्हणजे दर नॉटिकल मैलाला 152 फूट. डोंगर, मनोरे, झाडं या छताच्या खाली राहिली तर वाट मोकळी मानली जाते. विमानाने मात्र दर मैलाला किमान 200 फूट चढायचं. दोन्हींमधला फरक 48 फुटांचा. म्हणजे धावपट्टीपासून मैलभर गेल्यावर तुमच्या आणि खालच्या अडथळ्याच्या मध्ये जेमतेम तेवढीच जागा धरलेली असू शकते. जसजसे पुढे जाल तसतशी ती वाढत जाते. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत हेच टक्क्यांत सांगतात: छत 2.5 टक्के, विमान 3.3 टक्के. हिशेब करून पाहिला तर उत्तर जवळपास तेच येतं.

यात आणखी तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. अमेरिकी नियमांत विमान धावपट्टीच्या शेवटावरून किमान 35 फुटांवरून जाईल. 400 फूट चढेपर्यंत ते वळणार नाही. आणि सगळी इंजिनं चालू असतील. ही तिसरी गोष्ट दोन इंजिनांच्या छोट्या विमानांचे वैमानिक हमखास विसरतात. एक इंजिन बंद पडल्यावर अशी कित्येक विमानं मैलाला 200 फूट चढूच शकत नाहीत, आणि तक्त्याने तसं काही कबूलही केलेलं नसतं.

एखादा डोंगर त्या छतातून वर डोकावत असेल तर तक्त्यावर जास्तीची मागणी छापलेली असते: अमुक उंचीपर्यंत मैलाला 300 फूट, कुठे 400, कुठे त्याहून जास्त. इथेच छोट्या विमानाची खरी परीक्षा सुरू होते.

अडचण मापांची आहे. तक्ता मैलामागे फूट सांगतो आणि कॉकपिटमधली सुई मिनिटामागे फूट दाखवते. दोन्ही जोडायला जमिनीसापेक्ष वेग लागतो. सूत्र सोपं आहे: मैलामागचे फूट गुणिले वेग, भागिले 60. वेग 90 नॉट (ताशी 90 नॉटिकल मैल) असेल तर मैलाला 200 फुटांसाठी मिनिटाला 300 फूट चढावं लागेल.

आता खरं विमान घेऊ. सेसना 172एस हे शिकाऊ वैमानिकांचं जगभरचं विमान. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात, पूर्ण वजनाने ते मिनिटाला साधारण 730 फूट चढतं आणि तेव्हा वेग असतो 74 नॉट. म्हणजे मैलाला जवळजवळ 590 फूट. तक्त्यावरची 300ची मागणी याच्या पुढे काहीच नाही.

तेच विमान 5000 फूट उंचीवरच्या विमानतळावर न्या. दुपार आहे, तापमान 30 अंश. त्या उंचीला प्रमाण तापमान 5 अंश धरतात, म्हणजे हवा 25 अंशांनी जास्त तापलेली. दर अंशाला साधारण 120 फूट धरले तर इंजिन आणि पंख यांच्या दृष्टीने विमान 8000 फुटांवरच उभं आहे. चढण्याचा दर आता मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास आला. हवा विरळ असल्यामुळे खरा वेग वाढून 80 नॉट झाला. भागाकार करा: मैलाला साधारण 260 फूट. तक्ता मागतोय 300.

मी विद्यार्थ्यांना हे गणित कागदावर करायला लावतो, कॅल्क्युलेटरशिवाय. एकदा एक विद्यार्थिनी या 260च्या आकड्याशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "सर, पण वारा पाठीमागून आहे ना? मग आपण लवकर पुढे जाऊ." मी म्हटलं, "लवकर पुढे जाशील, बरोबर. डोंगराजवळही लवकर पोचशील. आता 20 नॉटचा वारा धरून परत कर." तिने केलं. वेग 100 नॉट, मैलाला 210 फूट. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग सकाळी सहाला किती येतील?" हा प्रश्न तिचा तिला सुचला याचा मला फार आनंद झाला. पहाटेच्या थंड हवेत, वारा पडलेला असताना, टाकीत थोडं कमी इंधन घेऊन तोच आकडा तीनशेच्या वर जातो. तरीही काठावरच. अशा वेळी ढग वर सरकेपर्यंत थांबणं हाही एक पर्याय असतो. काही ठिकाणी विमानतळाच्या वरच घिरट्या घेत, डोळ्यांनी बघत उंची गाठायची आणि मग वाटेला लागायचं, असा मार्गही अधिकृतपणे छापलेला असतो.

धावपट्टीला अगदी लागून असलेल्या ठेंगण्या अडथळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी चढाचा दर वाढवून छापत नाहीत, कारण मग तो अवास्तव निघेल. त्यांची फक्त नोंद असते: धावपट्टीच्या शेवटापासून इतक्या फुटांवर, मध्यरेषेच्या डावीकडे, इतक्या उंचीची झाडं. बारीक अक्षरातल्या या ओळी बहुतेक जण वाचत नाहीत. दाट धुक्यात निघणाऱ्यासाठी त्यांचा अर्थ असा की ती झाडं दिसायला हवीत, किंवा त्यांच्या आधीच विमान पुरेसं वर गेलेलं असायला हवं.

एकच डोंगर, दोनदा

सॅन डिएगोजवळ, मेक्सिकोच्या सीमेला लागून ब्राउन फील्ड नावाचा विमानतळ आहे. त्याच्या पूर्वेला साडेतीन हजार फुटांचा ओटाय डोंगर. 16 मार्च 1991 च्या मध्यरात्रीनंतर तिथून एक छोटं बिझनेस जेट निघालं. वैमानिकांनी आधी नजरेच्या भरवशावर उडायचं आणि उपकरणांवरच्या उड्डाणाची परवानगी हवेत गेल्यावर घ्यायची असं ठरवलं होतं. तेवढ्यासाठी ते कमी उंचीवर राहिले. चांदण्याशिवायच्या रात्री न दिसणारा डोंगर आणि ढग यांत काही फरक नसतो. विमान ओटायवर आदळलं आणि आतले दहाही जण गेले. 24 ऑक्टोबर 2004 च्या मध्यरात्रीनंतर त्याच विमानतळावरून एक लिअरजेट रुग्णवाहिका विमान तसंच, हवेत परवानगी घेण्याच्या बेताने निघालं आणि त्याच डोंगरावर आदळलं. पाच जणांचा जीव गेला.

दोन्ही वेळा विमानांत ताकद भरपूर होती. मैलाला किती फूट चढेल हा प्रश्नच नव्हता. अडथळे टाळण्यासाठी आखलेली वाट त्यांनी घेतली नाही, एवढंच. जमिनीवर परवानगीसाठी थांबायला नको म्हणून आधी उडून घ्यायचं ही सवय छोट्या विमानांच्या जगात आजही आहे, आणि स्वच्छ दिवशी त्यात काही गैरही नाही. पण रात्री, किंवा ढगांची पातळी खाली असताना, आणि तेही अनोळखी डोंगराळ भागात, ती सवय सोडायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. रडारवर तुम्ही दिसताय असं कंट्रोलरने सांगितलं, तरी नजरेने उडत असताना डोंगर टाळणं हे तुमचंच काम राहतं.

क्लिअरन्स आणि जीपीएस

इंजिन चालू, ब्रेक दाबलेले, आणि रेडिओवर कंट्रोलर एका दमात क्लिअरन्स वाचतो. शिकवताना आम्ही त्याचे पाच भाग करतो: कुठपर्यंत परवानगी, कुठल्या वाटेने, किती उंचीपर्यंत, पुढची फ्रिक्वेन्सी कोणती, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्राचा) कोड काय. कागदावर आधीच पाच ओळी आखून ठेवल्या की लिहिताना हात अडखळत नाही. एसआयडी मिळाली तर तिचं पूर्ण नाव आणि पुढचा आकडा ऐकायचा. अमेरिकेत वाटेत बदल झाला की तो आकडा एकाने वाढतो, 9 नंतर परत 1. तुमच्याकडच्या तक्त्यावर 4 आहे आणि कंट्रोलर 5 म्हणतोय, तर तुमच्या हातातला तक्ता जुना आहे. तक्ते आणि जीपीएस यांचा माहितीसाठा दर 28 दिवसांनी नवा येतो, हे त्यामागचं कारण.

तुमच्या विमानाला जमणार नाही अशी वाट मिळाली तर? रेडिओवर एक शब्द पुरतो: "अनेबल". नवख्या वैमानिकांना तो उच्चारायला संकोच वाटतो, जणू आपण कमी पडलो. तसं मुळीच नाही. कंट्रोलरला समोरच्या पडद्यावर तुमचं विमान आज किती चढू शकतं हे दिसत नाही. ते तुम्ही सांगितलं तरच तो दुसरी वाट देऊ शकतो. अमेरिकेत तर फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यांत "नो एसआयडी" किंवा, उतरायच्या वाटेसाठी, "नो स्टार" असं आधीच लिहायची सोय आहे.

जीपीएस आल्यापासून वाट पडद्यावर जांभळ्या रेषेने दिसते आणि काम खूप हलकं झालं आहे. पण एक जागा अशी आहे जिथे बरेच जण गोंधळतात. अनेक डिपार्चरची सुरुवात "अमुक दिशेने अमुक उंचीपर्यंत चढा, मग तमुक वेपॉइंटकडे (नकाशावरच्या नाव दिलेल्या बिंदूकडे) वळा" अशी असते. जुन्या जीपीएस संचांना विमानाची उंची कळत नाही. त्यामुळे उंची गाठल्यावर पुढच्या टप्प्यावर ते आपोआप जात नाहीत. बटण दाबून त्यांना पुढे न्यावं लागतं. वैमानिक वाट बघत सरळ जात राहतो, वळायची जागा मागे पडते. दुसरी चूक म्हणजे घाईत पुढच्याच वेपॉइंटवर थेट जायचं बटण दाबणं. वाटेतलं वळण गाळलं जातं, आणि ते वळण बहुतेक वेळा एखाद्या डोंगरासाठीच ठेवलेलं असतं. जीपीएसवर आधारलेली एसआयडी माहितीसाठ्यातून तिच्या नावानेच उचलायची, एकेक बिंदू हाताने टाकून रचायची नाही, हा नियम याचसाठी आहे.

उतरायला येताना

अरायव्हलच्या वाटेला स्टार म्हणतात. हवाई मार्गावरून विमानाला विमानतळाच्या जवळ आणून, धावपट्टीकडे नेणाऱ्या अप्रोचच्या तोंडाशी सोडणं हे तिचं काम. इथे चढण्याची चिंता नसते, त्यामुळे छोट्या विमानाचे प्रश्नही वेगळे.

पहिला वेगाचा. अनेक स्टार जेटच्या सोयीने आखलेल्या असतात: या बिंदूवर 250 नॉट, पुढे 210. आपलं विमान 120 नॉटने चाललेलं. मागून येणाऱ्या जेटला आपल्यामुळे अडायला होतं, मग कंट्रोलर आपल्याला वाटेवरून बाजूला काढून दिशा देत आणतो. म्हणून स्टार मिळाली तरी ती पूर्ण उडायला मिळेलच असं धरू नये. बऱ्याच स्टार फक्त जेटसाठी राखीव असतात, ते तक्त्यावरच्या टिपेत लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि छोट्या विमानात तो जास्त गंभीर. केबिनमध्ये दाब राखणारी यंत्रणा नाही, पंखांवरचा बर्फ काढायची सोय नाही. वाट 11,000 फुटांवरून ढगातून जात असेल आणि बाहेर तापमान शून्याखाली असेल, तर ती वाट कागदावर कितीही सुरक्षित असली तरी आपल्या कामाची नाही. डोंगर टाळण्यासाठी ठरवलेली किमान उंची आणि बर्फ टाळण्यासाठी हवी असलेली कमाल उंची यांच्यामध्ये जागाच उरली नाही, तर त्या दिवशी जायचं नाही. हा निर्णय जमिनीवर, निघण्याआधी करायचा.

खाली येण्याचा हिशेब मात्र सुखाचा आहे. प्रवाशांच्या कानांना त्रास होऊ नये म्हणून मिनिटाला 500 फूट धरायचे. 9000 वरून 3000 वर यायचं म्हणजे 6000 फूट, 12 मिनिटं. 120 नॉटने तेवढ्यात 24 मैल जातात. म्हणजे 24 मैल आधी खाली यायला सुरुवात.

तक्त्यावर उंचीच्या आकड्याखाली रेघ असेल तर तेवढी किंवा जास्त, वर रेघ असेल तर तेवढी किंवा कमी, दोन्हीकडे असेल तर बरोबर तेवढीच. पण काही आकड्यांपुढे "एक्स्पेक्ट" असं लिहिलेलं असतं. तो आकडा फक्त मनाची तयारी करण्यासाठी. कंट्रोलरने सांगितल्याशिवाय तेवढ्यावर उतरायचं नाही.

कुठल्या उंचीवर उतरायची परवानगी मिळाली आहे, या एका प्रश्नावरच्या गैरसमजाने किती मोठा घात होतो हे 1 डिसेंबर 1974 रोजी दिसलं. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या 514 क्रमांकाच्या विमानाला अप्रोचची परवानगी मिळाली. त्याचा अर्थ आपण आता लगेच 1800 फुटांवर उतरू शकतो असा वैमानिकांनी घेतला. विमान माउंट वेदरवर आदळलं, 92 जण गेले. विमान मोठं होतं, पण धडा जसाच्या तसा चार आसनांच्या विमानाला लागू आहे. त्यानंतर पद्धत स्पष्ट झाली: दिशा देऊन आणलं जात असताना शेवटची सांगितलेली उंची सोडायची नाही, छापील वाटेच्या पुढच्या टप्प्यावर विमान बसेपर्यंत.

अल्टिमीटरचा दाबही याच वेळी नव्याने लावायचा असतो. एका हेक्टोपास्कलची (हवेच्या दाबाच्या एककाची) चूक म्हणजे साधारण 28 ते 30 फूट. दाब दहाने जास्त लावला गेला तर अल्टिमीटर 2000 दाखवेल आणि विमान 1700 वर असेल. म्हणून मी स्टारच्या पहिल्या बिंदूच्या आधीच हवामानाची ध्वनिमुद्रित सूचना ऐकतो, दाब लावतो, अप्रोचचा तक्ता वर काढून ठेवतो, आणि धावपट्टी दिसली नाही तर पहिलं वळण कुठे घ्यायचं ते मोठ्याने वाचतो. शेजारी कुणी बसलेलं नसलं तरी.